मोठीची व्हॉली

आमच्या दुकानात काचेचा एक नियम आहे आणि तो सासऱ्यांनी घालून दिलेला आहे. काच हातातून निसटली तर पकडायला जायचं नाही. हात वर, पाय मागे, आणि पडू द्यायची. नवीन माणूस कामाला लागला की सासरे आपला उजवा तळहात त्याच्यापुढे धरायचे. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत एक पांढरी रेघ होती. "काच पुन्हा मिळते, बोटं मिळत नाहीत," असं म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला घर दाखवायच्या आधी त्यांनी तो तळहात दाखवला होता.

फोटोंना आणि चित्रांना फ्रेम करून देणं हा आमचा धंदा. थोरले दीर काच कापतात, माझा नवरा चौकटी जोडतो, मी गिऱ्हाइकांशी बोलते आणि माझी मोठी जाऊ बाकी सगळं करते. बाकी सगळं म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्याने ती आजारी असताना दुकानात यावं. तिला सगळे मोठी म्हणतात, मला धाकटी. मी तिला ताई म्हणते. ती बुटकी आहे, गोल आहे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असतो, आणि ती टेनिस खेळते. शेवटचं वाक्य ऐकून लोक हसतात. हसोत बापडे.

मला तिनेच कोर्टवर नेलं. माझी आई गेली त्यानंतरची गोष्ट. मी काउंटरवर बसायचे, गिऱ्हाइकाने विचारलं तेवढंच बोलायचे आणि घरी गेले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. सगळ्यांनी समजावून पाहिलं. मोठीने समजावलं नाही. एका रविवारी सकाळी तिने जुनी रॅकेट माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाली, "ऊठ. आज चौघी होत नाहीयेत. खेळ मोडेल."

मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कोणाचा तरी खेळ माझ्यामुळे मोडतोय म्हटल्यावर गेले. पुढे कधीतरी कळलं की त्या दिवशी चौघी होत्या. बेकरीवालीच्या मुलीला मोठीने आदल्या संध्याकाळी जाऊन सांगितलं होतं, की उद्या तू येऊ नकोस, तुझी जागा मला हवी आहे. माणसाला अंथरुणातून उठवायला कोणी इतकं धडधडीत खोटं बोललं असेल तर त्याचे उपकार कसे फेडायचे? मी तेव्हापासून दर रविवारी खेळते. चौघींतल्या एकीने पुढे खेळ सोडला, म्हणून आता आम्ही दोघी एका बाजूला, बेकरीवाली आणि तिची मुलगी दुसऱ्या बाजूला. चेंडू पार फाटेपर्यंत आम्ही तेच वापरतो आणि एकमेकींच्या आईवडिलांचा उद्धार न करता भांडतो.

मग मोठीचा गुडघा बिघडला. डॉक्टर म्हणाले, मागे राहून इकडून तिकडे धावणं आता बंद. खेळायचंच असेल तर नेटजवळ उभं राहून खेळा, तिथे दोन पावलांचं काम असतं. ऐकायला सोपं वाटतं. पण नेटजवळ चेंडू टप्पा पडायच्या आत परतवावा लागतो. त्याला व्हॉली म्हणतात, आणि तिथेच मोठीचं घोडं अडलं होतं. मागून खेळताना ती बेकरीवालीलाही दमवायची. नेटवर मात्र चेंडू आला की ती एक पाऊल मागे जायची, हात छातीशी आणायची आणि चेंडू तिच्या रॅकेटच्या दांड्याला, कोपराला नाहीतर चष्म्याला लागायचा. बेकरीवालीचे दंड पीठ मळून मळून असे झालेत की तिचा चेंडू लागला तर आठवडाभर निळा डाग राहतो.

मैदानावरच्या प्रशिक्षकांनी जीव तोडून शिकवलं. "पुढे या! पुढे!" म्हणून ओरडून त्यांचा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका रविवारी मोठीने रॅकेट पिशवीत घातली आणि चेन लावता लावता म्हणाली, "हा महिना बघते. नाही जमलं तर ठेवून देते. तू दुसरी जोडीदार बघ."

"दुसरी कोण?"

"कोणीही. तुझे पाय चांगले आहेत. माझ्यासाठी तू कशाला अडकून पडतेस?"

मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. दुसरी जोडीदार म्हणे! जोडीदार काय दुकानात मिळते? आणि रविवार गेला की माझ्याकडे काय उरणार होतं, हे तिलाही माहीत होतं.

त्याच आठवड्यात दुकानात एक मोठी काच टेबलावरून घसरली. आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या होतो. दोघींनी एकदमच हात वर घेतले, पाय मागे घेतले. काच खाली पडली आणि तिचा चुरा झाला. आवाज थांबला तरी आम्ही तशाच उभ्या. मोठी स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"धाकटे, हे बघ," ती म्हणाली. "नेटवर मी हेच करते गं."

खरंच की! अंगावर काही आलं की मागे सरायचं, हात वाचवायचे. सासऱ्यांचा तळहात बघून जी सवय लागली, ती हाडात मुरली होती. बेकरीवालीचा चेंडू आला की मोठीच्या अंगाला तो काचच वाटत होता. थोरले भावजी झाडू घेऊन आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोडून दे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." या माणसाला वेळेवर गप्प बसणं कधी जमलं नाही.

नशीब असं, की पुढच्याच आठवड्यात शहरात मोठी स्पर्धा आली. देशोदेशीच्या बायका खेळणार होत्या. सामन्यांची तिकिटं आमच्या आवाक्यातली नव्हती, पण सकाळी सरावाच्या कोर्टांजवळ कोणीही जाऊन उभं राहावं, मनाई नव्हती. दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघी गेलो. पहिल्या दिवशी सगळी गर्दी एका नावाजलेल्या बाईच्या कोर्टभोवती होती. आम्हीही घुसलो. चेंडू इकडे, माना इकडे. चेंडू तिकडे, माना तिकडे. तासाभराने आमच्या हाती लागलं ते मानेचं दुखणं.

"काही कळलं?" मी विचारलं.

"ती फार छान खेळते एवढं कळलं," मोठी म्हणाली. "ते घरी बसूनही माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी ती गर्दीकडे वळलीच नाही. सगळ्यात मागे, पाण्याच्या टाक्यांजवळ, एका कोर्टवर दोन बायका नुसती व्हॉली करत होत्या. एक उंच होती, एकीने पिवळी टोपी घातली होती. त्यांना बघायला आम्ही दोघी आणि नळ दुरुस्त करणारा एक माणूस, बस्स. समोरून त्यांचा प्रशिक्षक जवळ उभा राहून सपासप चेंडू मारत होता आणि त्या परतवत होत्या. मोठी जाळीला नाक लावून उभी राहिली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "तू उंच बाईकडे बघ, मी टोपीवालीकडे. चेंडूकडे बघायचंच नाही. पायांकडे बघ."

तेव्हापासून आम्ही रोज जायला लागलो आणि डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो. माझ्या बाईकडून मला एवढं कळलं की ती रॅकेट मागे नेतच नाही. रॅकेट आधीपासून छातीसमोर असते, दुसरा हात रॅकेटच्या गळ्याशी, म्हणजे दांडा जाळीला मिळतो तिथे असतो, आणि चेंडू आला की ती मारत नाही, रॅकेट घट्ट धरून त्याच्यासमोर नेते. दांडा धरला होता तो आपण खिळा ठोकायची हातोडी धरतो तसा. डावीकडून आला काय, उजवीकडून आला काय, पकड तीच. पिवळी टोपी तर चेंडू खाली येण्याची वाट बघायचीच नाही, पुढे जाऊन वरच्यावर घ्यायची. "म्हणजे वाकायला नको," मोठी खुश होऊन म्हणाली. "माझ्या गुडघ्याची सोय झाली."

पण तिला खरं सापडलं ते वेगळंच. तिसऱ्या की चौथ्या सकाळी तिने माझा दंड धरला.

"ती घाबरते."

"कोण?"

"टोपीवाली. नीट बघ. जोरात आला की तिचे डोळे मिटतात. दर वेळी."

मी बघितलं. खरंच मिटत होते. एक चेंडू तर तिच्या खांद्याला लागला. ती कळवळली, हसली, खांदा चोळला आणि परत त्याच जागी जाऊन उभी राहिली. मोठीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं तिला वाटायचं की नेटवर उभ्या राहणाऱ्या बायका वेगळ्या मातीच्या असतात, त्यांना भीती नसते, आणि आपण भित्र्या आहोत.

"मग तिचा पाय पुढे कसा पडतो?" ती स्वतःशीच म्हणाली आणि पुढचा अर्धा तास पापणी न हलवता बघत राहिली.

शेवटी सापडलं. समोरचा प्रशिक्षक चेंडूवर रॅकेट आणायचा, त्याच क्षणी टोपीवाली एक बारीकशी उडी मारायची. उडी कसली, टाचा उचलायच्या आणि पुन्हा टेकायच्या, एवढंच. पण टेकताना अंग पुढे झुकलेलं असायचं, म्हणून पाऊल पुढेच पडायचं. मोठी मात्र दगडासारखी उभी राहून वाट बघायची, आणि वाट बघणाऱ्या पायांना जुनी सवय आठवायची. आमच्या प्रशिक्षकांनी 'पुढे या' शंभरदा सांगितलं होतं. पुढे यायला आधी काय करायचं, हे टोपीवालीने न बोलता सांगितलं.

आता सराव कुठे करायचा? काचेच्या दुकानात. भावजींनी कपाळाला हात लावला. "डोकं ठिकाणावर आहे का दोघींचं?" पण आम्ही पॅकिंगच्या फोमचा गोळा करून त्याला चिकटपट्टी गुंडाळली. मोठी मागच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, म्हणजे मागे सरायला जागाच नाही आणि रॅकेट मागे न्यायलाही नाही. मी गोळा फेकायचे. ती टाचा उचलायची, टेकायची, पाऊल पुढे, रॅकेट समोर. सुरुवातीला तिची पाठ भिंतीवर धपकन आपटायची आणि पलीकडून भावजी ओरडायचे, "कोण आहे?" माझा नवरा काम सोडून दारात हसत उभा राहायचा.

"काच पडली तर आता ही पुढे धावेल," भावजी जेवताना कुरकुरले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. मलाही मनातून तीच धास्ती होती.

स्पर्धेतला त्या दोघींचा सामना संपला. त्या हरल्या. तरी दुसऱ्या सकाळी आम्ही गेलो, तर दोघी सरावाला हजर! तेवढ्यात एक चेंडू उडून जाळीवरून थेट आमच्या पायाशी आला. मोठीने तो उचलला. टोपीवाली जाळीजवळ आली. मला माहीत होतं की मोठीला तिला खूप काही सांगायचंय. पण भाषा कुठली? आणि सांगायचं तरी काय, की बाई, तुझे डोळे मिटतात त्याबद्दल आभारी आहे? मोठीने चेंडू जाळीवरून तिच्याकडे टाकला. ती तो झेलून म्हणाली, "थँक्यू," हसली आणि खेळायला गेली.

 दुकानाचं शटर वर करताना मोठी म्हणाली, "बघ गं, उलटंच झालं. तिनेच मला थँक्यू म्हटलं."

"तुम्ही का नाही म्हणालात?"

"तोंडच उघडलं नाही."

महिन्यातला शेवटचा रविवार उजाडला. सुरुवातीलाच मोठीला दोन चेंडू लागले आणि एकदा ती चांगली दोन पावलं मागे गेली.  बेकरीवाली मायाळू बाई आहे, पण कोर्टवर तिला माया ठाऊक नाही. तिने ओळखलं आणि पुढचा चेंडू सरळ मोठीच्या छातीवर मारला, सगळा जोर लावून. मी मागून बघत होते. चेंडूकडे नाही, मोठीच्या पायांकडे. टाचा उचलल्या. टेकल्या. पाऊल पुढे पडलं. डोळे नक्की मिटले असणार. ठप्प असा आवाज आला आणि चेंडू नेटच्या पलीकडे, बेकरीवालीच्या मुलीच्या पायाजवळ पडून मेला.

 मोठी रॅकेट समोर धरून तशीच उभी होती, आणि मग समोर बघून मोठ्याने म्हणाली, "थँक्यू!"

"मला कशाला थँक्यू?" बेकरीवाली वैतागली. "मी तुला मारायला बघत होते!"

आम्ही तो खेळ हरलो. सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल जिंकलो. पण रॅकेट पिशवीत घालताना मोठीने जोडीदार बदलायचा विषय काढला नाही, तो आजतागायत नाही. पुढे दुकानात एकदा काच निसटली तेव्हा ती अशी झटकन मागे सरली की भावजींनी टाळी वाजवली. पायांना कोर्ट कुठलं आणि दुकान कुठलं ते बरोबर कळतं. तिची व्हॉली बसली की ती अजून थँक्यू म्हणते. नवीन माणसांना वाटतं, फारच सभ्य बाई आहे. त्यांना कुठे माहीत, की ते आभार पिवळ्या टोपीच्या एका हरलेल्या बाईचे आहेत, जिचं नावही आम्ही विचारलं नाही.

परवा मी सर्व्ह करायला मागे उभी होते. मोठी पुढे, नेटजवळ, टाचा उचलायच्या तयारीत. मला एकदम तो पहिला रविवार आठवला, अंगावर पडलेली जुनी रॅकेट आणि 'खेळ मोडेल' म्हणणारी ही. 

"ताई," मी म्हटलं, "थँक्यू."

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "अजून चेंडू आला कुठे?" ती म्हणाली. "सर्व्ह कर. त्या थांबल्यात."