स्लाइड-शो, जाळरेषा आणि आबांची मिशी

“पोती काढा आता खिडक्यांवरची,” मी म्हणालो. कुणी हललं नाही. भिंतीवर माझी शेवटची स्लाइड तशीच होती. भेगाळलेली पृथ्वी आणि लाल अक्षरं: वेळ संपत आली आहे.

तिकोणा पेठेच्या वरची ती वाडी. लोणावळ्यातल्या एका संस्थेत मी क्लायमेट ऑफिसर होतो. म्हणजे हवामान बदल लोकांना समजावून सांगणारा. त्या दुपारी जरा जास्तच समजावला होता.

पुढे बसलेले धोंडू आबा म्हणाले, “मंजी समदं संपल्यात जमा की, सायेब.”

“तसं नाही आबा. पण परिस्थिती गंभीर आहे.”

“मग त्यो बंगल्यांचा एजंट मागं लागलाय, त्याला उतार देऊन टाकतो. करपून जाण्यापरीस इकलेला बरा.”

वाडीवरचा गवताळ उतार आबांचा. पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि खालच्या झऱ्यातून वर्षभर येतं. अख्खी वाडी त्यावर पिते. उतारावर जेसीबी चढला की झरा गेला. तो वाचावा म्हणून तर मी प्रोजेक्टर घेऊन आलो होतो.

संध्याकाळी संस्थेच्या संचालक मॅडमचा फोन. “इम्पॅक्ट कसा होता?”

“जबरदस्त. लोक डोंगर विकायला निघाले.”

मॅडम म्हणाल्या, “हे रिपोर्टमध्ये लिहू नका. आणि निस्तरल्याशिवाय ऑफिसला येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर न घेता गेलो. आबांची बायको, अनसूया मावशी, ओटीवर पावटे सोलत होती. मीही सोलायला बसलो. डोंगर पूर्वी कसा होता, विचारलं. मावशी बोलत सुटली. थंडी सरताना गावाची इर्जिक असायची. इर्जिक म्हणजे एकाचं काम सगळ्यांनी मिळून करायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. त्या दिवशी उतारावर जाळरेषा काढायचे. गवताचा एक पट्टा आपणच कापून, जाळून मोकळा करायचा. उन्हाळ्यात वणवा आला की त्याला तिथे खायला काही मिळत नाही. पुढे तरणी माणसं खंडाळ्याच्या हॉटेलांत कामाला गेली आणि इर्जिक सुटली.

“यंदा काढू या की,” मी म्हणालो.

“कशाला? तुमीच म्हनला येळ संपली.”

“थोडी शिल्लक आहे, मावशी.”

आबा आतून म्हणाले, “काढा. जेवायला मी घालतो. पर आयतवारी एजंट येतोय. मी सही करनार हाय.”

शनिवारी पहाटेच सगळे वर. खंडाळ्याची मंडळीसुद्धा सुट्टी टाकून आली होती. गवत कापून झालं. दव आहे तोवर पेटवायचं, हा नियम. पण मॅडमना फोटो हवा होता आणि आमचा फ्लेक्स लोणावळ्याहून यायचा होता.

“सायेब, वारं उठंल,” आबा म्हणाले.

“आलाच फ्लेक्स, आबा.”

आला, तेव्हा तिकोण्यावर चांगलं ऊन चढलं होतं. दोन काठ्यांना ‘वसुंधरा वाचवा’ बांधलं. पलिता मी स्वतः धरला, कॅमेऱ्याकडे बघून हसलो आणि गवताला लावला. वारा उठला. पहिला पेटला तो फ्लेक्स. त्यातही ‘वाचवा’ आधी गेलं. मग आग पट्टा ओलांडून झऱ्यावरच्या जांभळींकडे पळाली.

कुणी कुणाला हाक मारली नाही. बायकांनी ओल्या डहाळ्या मोडल्या आणि धावल्या. मीही एक घेतली.

“सायेब, दाबून मारा,” मावशी ओरडली. “नवरदेवाला वारा घालताय व्हय?”

सगळ्यांच्या पुढे धोंडू आबा होते. जांभळींच्या अलीकडे आग विझली. सगळे काळेठिक्कर होऊन बसलो. आबांची अर्धी मिशी गेली होती.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. “काय वो, ह्यो डोंगर तर इकायचा हुता न्हवं? मग मिशी कशापायी जाळली?”

आबांनी मिशी चाचपली. “सवयीनं गेलो.”

सगळी वाडी हसली. मीही हसलो, जरा उशिरा. जेवायला पावट्याची आमटी आणि तांदळाची भाकरी होती. आमटीला जळक्या गवताचा वास होता. तशी आमटी पुन्हा कुठे मिळाली नाही.

रविवारी एजंट पेढे घेऊन आला. आबा म्हणाले, “न्हाई जमायचं. काल वाडी जेवली माज्याकडं. आता एकट्याच्या सहीनं डोंगर जात न्हाई.” पेढे मात्र ठेवून घेतले.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी निवृत्त झालो. झरा वाहतोय. हिमनद्यांचं काय होतंय ते पेपरात वाचतो आणि अजूनही घाबरतो. एवढं मात्र शिकलो, की लोकांना घाबरवायचंच असेल तर हाताला काहीतरी काम देऊन घाबरवावं.

दर वर्षी थंडी सरताना मावशीचा फोन येतो. मी पहाटे पोचतो. काडेपेटी तिच्या कमरेला खोचलेली असते. मागितली की म्हणते, “तुमी गवत वढा, सायेब.”