लिहून देणार कोण?

माझी लेक इथे कॅनडात, वॉटर्लू युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते. सगळ्यांची पोरं कोडिंग करतात आणि ही बया मेलेल्या इंग्रजांच्या मागे! "पुढे स्कोप काय?" विचारून आमच्या कनाटा गावातल्या मराठी मंडळींनी माझं डोकं उठवलं होतं.

तिचा इंग्रज व्हिक्टोरियन काळातला. जहाज कंपनीत साधा कारकून होता, मग पॅसिफिकमधली बेटं घेऊन तिथलं खत, म्हणजे पक्ष्यांच्या शिटेचे थरच्या थर, खणून विकायला लागला. बायकोलाही तिकडे नेलं, नारळ लावले, वादळात जहाजं घालवली, पुन्हा उभा राहिला. लेक त्याच्या प्रेमातच पडली होती. त्याच्यावरच्या प्रेझेंटेशनवर तिची मास्टर्सची जागा ठरणार होती.

सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं बेसमेंटमध्ये रिहर्सल केली. समोर मी आणि नागपूरहून आलेले माझे बाबा. त्यांच्यासाठी ती मोडकंतोडकं मराठी बोलत होती.

"मग त्याला बेटाचं खत मिळालं."

बाबा सावरून बसले. "खत झालं? मग लिहून देणार कोण?"

"आजोबा, खत म्हणजे बर्ड पूप!"

आम्ही दोघी हसून लोळलो. बाबा हसले नाहीत. "ते कळलं गं. पण मी दस्त लिहिण्यात जन्म घालवला. प्रत्येक खताला दोघं लागतात, लिहून घेणार आणि लिहून देणार. तुझ्या साहेबानं बेट घेतलं. दिलं कोणी?"

"क्राउनने. लायसन्स होतं ना."

"बेट राणीचं होतं?"

"आय डोन्ट नो," ती पुटपुटली. चेहराच पडला तिचा. मी बाबांवर भडकले, "आठ दिवसांवर आलंय, आता कशाला घोळ घालता!"

तिनं मात्र सगळे कागद पुन्हा चाळले. साहेबाच्या सह्या पानोपानी, बेटावरच्या माणसांचं एकही नाव नाही. अख्खं प्रेझेंटेशन मोडून तिनं नव्यानं लिहिलं. साहेबाची हिंमत ठेवली, आणि त्याच्यासमोर बाबांचा प्रश्न उभा केला.

प्रेझेंटेशनला मी बाबांना घेऊन गेले. प्रोफेसरबाईंनी विचारलं, हा प्रश्न कुठून सुचला? लेकीनं थेट बाबांकडे बोट केलं. हे माझे आजोबा, तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे दस्त लिहायचे, असं तिनं इंग्रजीत खणखणीत सांगितलं. सगळे वळून बघायला लागले. बाबांनी कोट नीट केला.

जागा तिला मिळाली. अभिमानानं ऊर भरून आला माझा, आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. माझ्या लग्नाच्या बायोडेटात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'सरकारी काम' असं लिहिलं होतं. तो कागद बाबांनीच त्यांच्या सुंदर अक्षरात फेअर करून दिला होता.