वाऱ्याची झडती

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे भिवाआबा आधीच सांगून टाकतात. ज्या माणसानं वाळत घातलेलं धोतर वाऱ्यानं विजापूरला नेलं आणि तिथल्या परटानं धुऊन, घडी घालून परत धाडलं असं गावाला छातीठोकपणे सांगितलंय, त्याच्यावर कुणी का ठेवावा? तरी ऐका, म्हणतात. हे काही धोतराएवढं नाही.

दुपार आहे. वरच्या रानात, लिंबाखाली, आबा केरसुणी उशाला घेऊन आडवे झालेत. पापण्या जड होतायत. माळावरच्या पवनचक्कीचं पातं खाली येताना उसासा टाकतं, वर जाताना गप्प होतं. पुढचा उसासा फार लांबून येतो.

"आजपण झाडलंत?"

वैजू बांधावर बसलीय. आबांची एकुलती एक लेक, मातीचा अभ्यास करणारी. गेल्या साली तापानं गेली. गावच्या रीतीप्रमाणे तिची राख नदीला न सोडता याच रानात पसरली, आणि त्या दिवसापासून आबा रान झाडतात. देवळापुढचं अंगण झाडावं तसं. काडी नाही, पाला नाही, गवताचं पातं नाही. त्यांची बायको तानूबाई, मटकी पेरू या म्हणाली की केरसुणी आडवी धरतात. "लेकीच्या अंगावर नांगर घालू व्हय?"

"आलीस?" आबा म्हणतात.

"कप बघायला आले."

रानाच्या मधोमध तिचा खांब अजून उभा आहे. त्याला पत्र्याचे तीन कप, एक घोट्याशी, एक कमरेशी, एक डोक्याच्या वर. प्रत्येकाला मागे शेपूट. वारा फिरला की कपही फिरतो, वाऱ्याकडं तोंड करतो आणि उडती माती पोटात घेतो. ती तोलायची, कुठल्या उंचीवर किती सापडली ते बघायचं, म्हणजे रानातून किती माती गेली त्याचा अंदाज येतो. वैजूनं हे समजावलं तेव्हा आबांनी गावभर करून ठेवलं होतं की आमची पोरगी वाऱ्याला अडवून त्याचे खिसे तपासते.

ती खालचा कप काढते, आणि दोघं चुलीपुढं बसलेत. लिंब कुठं गेला, आबा विचारत नाहीत. वैजू भाकरीच्या परातीत माती ओतते.

"हे जाड कण. लोळत जातात. बांधाला अडतात."

मग मधला कप. "हे उड्या मारत जातात. पडताना दुसऱ्याला टोला देऊन त्यालाही उठवतात."

"तुझ्या आत्यासारखे."

वैजू हसते. तोच एक दात दुसऱ्यावर चढलेला. आबांना वाटतं, आता इथंच थांबावं, पुढचा कप काढूच नये.

ती वरचा कप उपडा करते. त्यातून पडलेलं परातीत बसतच नाही. धुरासारखं तरंगत राहतं.

"आणि हे, वैजू?"

"हे वर जातं. परत येत नाही."

"यातली तू कुठली?"

चूल विझलीय. भिंत नाही. दोघं पवनचक्कीच्या टोकावर पाय सोडून बसलेत. खाली सगळ्या रानांवर काही ना काही आहे, कुसळं, तरवड, बाभळीची सावली. एकच तुकडा बोडका आहे, आणि त्याच्यावरून तांबूस धूळ उठून कर्नाटकाकडं चाललीय.

"राख सगळ्यात हलकी, आबा. मी तर तेव्हाच गेले. पहिल्या वाऱ्यातच."

"खोटं बोलतेस."

"ते काम तुमचं."

आबा खाली बघतात. "मग मी रोज कुणाला झाडतोय गं?"

"कुणाला नाही. पाला, गवत मातीला धरून बसतं. तेच तुम्ही काढून टाकता. कप कधी इतके भरत नव्हते."

"मी तुझी जागा साफ ठेवत होतो."

"माहीत आहे."

वारा तिच्या केसातून जातो, आणि केसही थोडे थोडे त्याच्याबरोबर जातात.

"मटकी टाका," ती म्हणते. "पसरते. मातीला वेलाखाली धरते. सुगी झाली की धसकटं तशीच राहू द्या."

"नांगर लागंल तुला."

"मी नाही तिथं, आबा."

आबा तिचं मनगट धरायला जातात. मूठ मिटते.

लिंब. ऊन. पवनचक्कीचं पातं. आबा उठून बसलेत आणि समोर तानूबाई उभी आहे, हातात चहाची किटली. आबा तिला एका दमात सगळं सांगतात, कप, परात, पवनचक्कीचं टोक, सगळं. मग मूठ उघडतात. मुठीत मटकी आहे, घामानं ओली झालेली.

"बघ, वैजूनं दिली. पेरा म्हणाली. आता पोरीचा शब्द, मी काय करणार?"

तानूबाई किटली खाली ठेवते. पदर पुढं करते. दाणे पदरात पडतात, तळव्याला चिकटलेले दोन ती नखानं सोडवून घेते आणि पदराला गाठ मारते.

"खोटं," ती म्हणते. "मटकी माझ्या गाडग्यातली हाय. सकाळी हात घालताना बघितलं मी तुम्हाला. आन् झोपला कुठं तुम्ही? कवाधरनं हितं उभी हाय मी. टक्क डोळं उघडं ठिवून बोलत होता. वैजूचंबी तुम्हीच बोलत होता."