वुड यू लाइक मासवडी?

नारायणगावात इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांच्यावर माझा अजून राग आहे. त्याहून जास्त राग स्वतःवर आहे, पण आरशासमोर उभं राहून भांडण किती वेळ करणार?

द्राक्षांच्या हंगामात आमच्या वारूळवाडीच्या बागेत शहरातली माणसं घड तोडायला येतात. अधूनमधून एखादा परदेशी पाहुणाही येतो. अशाच एका गोऱ्या बाईच्या हातात मी घड कोंबला आणि प्रेमानं म्हणालो, "यू मस्ट ईट!" बाई मागं सरकली. तिला ऐकू गेलं नसेल म्हणून मी आणखी प्रेमानं, आणखी मोठ्यानं ओरडलो, "मस्ट! मस्ट!" बाई गाडीत जाऊन बसली. बायको म्हणाली, "अहो, क्लास तरी लावा नाहीतर तोंड तरी बंद ठेवा." मी क्लास लावला. चुकलोच.

मॅडमनी फळ्यावर सहायक क्रियापदं मांडली. कॅन, कुड, मे, माइट, शुड, वुड, मस्ट. पुढाऱ्याच्या आधी कार्यकर्ते येऊन वाट मोकळी करतात, तशी ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या पुढं चालतात. त्यात 'मस्ट' म्हणजे पोलीस. सभ्य माणसानं 'वुड यू लाइक' म्हणावं. इथवर ठीक होतं. पण मॅडम पुढं म्हणाल्या, "आपल्या लोकांना विचारायची सवयच नाही. समोरच्याच्या ताटात नुसतं ढकलतात. ही जबरदस्ती आहे. विचारा, उत्तर ऐका आणि उत्तराचा मान ठेवा." मला हे इतकं पटलं की मी टाळ्या वाजवल्या. वर्गात मी एकट्यानंच.

त्याच आठवड्यात व्याही-विहीणबाई आमच्या लेकीला घेऊन आमच्याकडं पहिल्यांदा जेवायला येणार होते. लेक आंबेगाव तालुक्यात दिलीय, घोडेगावच्या बाजूला. तिला पुढं बी.एड. करायचं होतं, पण सासरी विषय काढायचा धीर होत नव्हता. सासऱ्यांना ती मामा म्हणते, सासूला आत्या. आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, "पप्पा, मामांचं पोट भरलं की ते कशालाच नाही म्हणत नाहीत. जेवणं झाली की तुम्हीच विषय काढा." एवढंच काम होतं माझ्याकडं. व्याह्यांना पोटभर वाढायचं आणि तोंड उघडायचं.

बायकोनं सकाळपासून राबून मासवडी केली होती. तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेल्या बेसनाच्या वड्या आणि डोळ्यांत पाणी आणणारा रस्सा. व्याह्याला घरधन्यानं स्वतः वाढायचं, ही आमच्याकडची रीत. पहिलं वाढप बघता बघता संपलं. मी वड्यांचं ताट घेऊन पुढं झालो, कमरेत जरा वाकलो आणि फळ्यावरच्यासारखं विचारलं, "पावणं, आणखी मासवडी आवडेल का?"

व्याह्यांनी ताटावर हात आडवा धरला. "नको नको, लई झालं."

त्या हाताचा अर्थ वारूळवाडीपासून घाटघरपर्यंत कुणालाही कळतो. तो हात बाजूला सारून वाढायचं असतं. 'आमच्या घरचं आवडलं नाय व्हय?' असं म्हणत वाढायचं असतं. मी म्हणालो, "बरं." आणि ताट घेऊन पुढं सरकलो. विहीणबाईंना विचारलं. नको. बरं. भाकरी? नको. बरं.

आत गेलो तर बायको म्हणाली, "वाढलं का?"

"विचारलं. नको म्हणाले."

"विचारलं?" तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "व्याह्याला विचारलं?"

ती धावत बाहेर आली तोवर पाहुण्यांनी हात धुतले होते. "निघतो, ऊन व्हायच्या आत," व्याही म्हणाले. ऊन तेव्हा डोक्यावर होतं. बी.एड.चा विषय माझ्या तोंडातच राहिला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "पप्पा, मंचरला गाडी थांबवून मामांनी मिसळ खाल्ली. तर्री मागून मागून खाल्ली. मी समोर बसले होते! आणि आता पाणी मागितलं तरी आत्या म्हणतात, 'देऊ का गं? तुझ्या माहेरी विचारून देतात.' आता कॉलेजचं कोणत्या तोंडानं काढू?"

माझं डोकंच फिरलं. इंग्रजांनी ठेवली असतील सभ्यतेला दहा क्रियापदं, आमची सभ्यता मनगटात असते, ती वाढताना दिसते! आणि मग दुसराच राग आला. शिकलेल्या पोरीला आणखी शिकायचं, तर त्यासाठी दोन म्हाताऱ्यांची पोटं मध्ये का यावीत?

द्राक्षाची पेटी घेऊन मी व्याह्यांकडं गेलो. त्यांनी मला जेवायला बसवलं. पहिली भाकरी संपली तशी व्याह्यांनी टोपली उचलली, कमरेत वाकले आणि म्हणाले, "पावणं, आणखी भाकरी आवडेल का?"

लेक दाराशी उभी. मी 'नको' म्हणायचं आणि टोपली आत जायची, असा त्यांचा बेत होता.

"हो," मी म्हणालो. "दोन वाढा. रस्सा पण."

लेकीच्या सासरी असं कुणी मागून खात नाही. व्याह्यांचा हात हवेतच थांबला. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मग व्याही हसत सुटले, "राव, तुमी तर लाजच सोडली!"

संधी साधून मी घसा खाकरला. "तर पावणं, म्हणजे, जमण्यासारखं असेल, आणि तुमची हरकत नसेल, तर पोरीला पुढं जर…" कुड, वुड, माइट सगळे दाटीवाटीनं आले. कामाचं क्रियापद काही येईना.

लेक पुढं आली. माझ्या ताटात भाकरी टाकली आणि सरळ म्हणाली, "मामा, मी बी.एड. करणार आहे. मंचरला. एसटीनं जाईन."

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताटाकडं.

"एसटी कशाला," ते म्हणाले. "मंचरला तर मी बाजाराला जातोच की."

"आन् सकाळच्या धारा कोण काढणार?" विहीणबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि भांडी जरा जोरातच लावू लागल्या. लेक त्या आदळआपटीत शांत उभी राहिली. मी माझ्या अर्धवट वाक्यासकट दुसरी भाकरी मोडली.