ब्रुसेल्समधली फडाची बैठक

ब्रुसेल्सच्या विमानतळावर माझे साडू दादाभाऊ यांची पिशवी उघडायला लावली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास रांगेभर पसरला. अधिकाऱ्याने डबा हुंगला, हसला आणि हाताने पुढे जा म्हणाला. सुरुवात बरी झाली.

आम्ही दोघे द्राक्षवाले. माझी बाग नाशिकजवळ, दादाभाऊंची बागलाणात मोसम नदीच्या काठी. आमचा माल युरोपात घेणाऱ्या लीझबेथबाईंनी आम्हाला सप्टेंबरात मुद्दाम बोलावलं होतं. युरोपातल्या देशांचे कृषिमंत्री एकत्र बसणार होते. तिकडे बंदी असलेलं एक बुरशीनाशक आपल्याकडे चालतं. वर्षभरात ज्या बागेत ते फवारलं, तिथली फळं अडवायची, एवढं नक्की होतं. याच हंगामापासून की पुढच्या, हे ठरायचं होतं. मी ते औषध आधीच सोडलं होतं. दादाभाऊंनी पावसाळ्यात फवारलं होतं.

ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी). युरोपचा माल करायचा तर मण्यांच्या विरळणीला दुप्पट माणसं लागतात. त्यासाठी पेठची मजुरांची टोळी दादाभाऊंनी बोलून ठेवली होती. माल जाणारच नसेल तर बेदाणा करायचा आणि टोळीला वेळेत मोकळं करायचं.

सकाळी बाईंनी आम्हाला फ्रित (तळलेल्या बटाट्याच्या लांब फोडी) खायला घातल्या. दादाभाऊंनी चटणी काढली. बाईंनी एक फोड चटणीत बुडवली, डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसरी बुडवली.

बैठक बाईंच्या कचेरीत पडद्यावर पाहायची होती. भलं मोठं गोल टेबल, भोवती मंत्री, मागे काचेआड दुभाषे. ज्यांच्याकडे द्राक्षबागा आहेत ते म्हणत, आमच्या शेतकऱ्याला एक नियम आणि बाहेरच्याला दुसरा, हे चालणार नाही. ज्यांच्याकडे मोठी बंदरं आहेत ते म्हणत, व्यापाऱ्याला वेळ द्या. बाई इंग्रजीत सांगत, मी मराठीत.

दादाभाऊ खूश. "हाई तं आपली फडनी बैठक शे, साडूभाऊ!"

फड म्हणजे त्यांच्या गावच्या शेतीचा वाटा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी एकाच पाटाचं. पीक ठरवायला सगळे बसतात. कुणाला पटलं नाही तर तो उठतो. कुणी उठलं की बैठक मोडली, असा तिथला रिवाज.

दुपारी अध्यक्षबाई काहीतरी बोलल्या. सगळे मंत्री उठले. पडदा काळा झाला.

"उठी ग्यात!" दादाभाऊंचा चेहरा पडला. "मोडनी बैठक." मी लीझबेथबाईंना विचारायला वळलो, तर त्या कॉफी आणायला गेलेल्या. तेवढ्यात दादाभाऊंनी घरी बायकोला फोन लावलासुद्धा. "सुलभा, टोळीला नाही म्हणून सांग. हो, आत्ताच." आणि फोन बंद.

बाई कॉफीचे कप घेऊन आल्या. मी घाबरत विचारलं. त्या म्हणाल्या, "कॉफीला गेलेत. खरं काम आता सुरू होईल. टेबलावर जे बोलता येत नाही, ते उभ्याने बोलतात."

दादाभाऊंनी कप तसाच ठेवला. सुलभाचा फोन लागेना. ते जिन्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून जिन्यापर्यंत चालत राहिले. पेठची टोळी एकदा सुटली की दुसऱ्या बागेत जाणार, हे मला न सांगताही कळत होतं.

अंधार पडायच्या सुमारास पडदा उजळला. मंत्री बसले, एकेकाने मान डोलावली. नियम पुढच्या हंगामापासून. बदल्यात बंदरावर तपासणी वाढणार. दोन्हीकडचे थोडे नाराज दिसत होते. जमलं म्हणायचं.

तेवढ्यात सुलभाचा फोन आला. ती माझी मेहुणी, नाशिकचीच. आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता. "टोळीला काही सांगितलं नाही मी. तुम्ही चिडून बोललात की मी जेवणं होईपर्यंत थांबते. इतक्या वर्षांत एवढं शिकले. आता सांगा, काय ते नक्की?"

दादाभाऊंनी उरलेली सगळी चटणी लीझबेथबाईंना देऊन टाकली.

परतल्यावर पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्या गावी गेलो. फडाची बैठक होती. गहू की कांदा, यावर दोन घरं अडली होती. दुपार कलली तरी कुणी हटेना. अचानक दादाभाऊ उठून उभे राहिले. म्हातारे पाटकरी (पाणी वाटणारे) म्हणाले, "मोडनी का?"

"नही. चहा शे. उठा सगळा."

आधी कुणी हलेना. मग अडलेल्या दोघांपैकी एकाने कप उचलला आणि चिंचेखाली गेला. थोड्या वेळाने दुसराही गेला. परतले तेव्हा यंदा गहू, पुढच्या साली कांदा असं ठरलं होतं. चेहरे दोघांचेही थोडे नाराज होते. ब्रुसेल्समध्ये पाहिले होते, अगदी तसेच.

मी मात्र चहा जागेवर बसूनच घेतला. पाहुण्याच्या उठण्याने बैठक मोडली तर? माझी हिंमत झाली नाही.