बिल्ल्याखालचा राजा

ती पेटी आली त्याच दिवशी स्टेशनावरून परत पाठवायला हवी होती, असं श्यामलाल पुढं जन्मभर म्हणत राहिला. पण ती आली, दुकानात ठेवली गेली आणि तिथंच राहिली.

गोंदियाच्या बाजारात श्यामलालचं मनिहारीचं दुकान होतं. बांगड्या, फण्या, रिबिनी, टिकल्या, सदऱ्याची बटणं, असला माल. माणूस सालस, पण भित्रा. दुकानाला कुलूप लावून घरी निघाला की वाटेतून परत यायचा, कुलूप ओढून बघायचा. शिपायाचा पट्टा दिसला की उगाच हातातला माल नीट लावायला लागायचा. त्याची बायको सुलोचनाबाई मात्र कुणाला भ्यायची नाही. दुपारी ती दुकानात येऊन बसे आणि बायकांच्या हातात बांगड्या चढवी. कितीही जाड हाड असो, बांगडी फुटायची नाही आणि हातालाही कळायचं नाही.

सन सदतीसच्या उन्हाळ्यात विलायतेत नव्या राजाचा राज्याभिषेक झाला. शाळेशाळेत मुलांच्या छातीवर राजाच्या चित्राचे बिल्ले लावायचे असा वरून हुकूम होता. रुपयाएवढा गोल पत्रा, त्यावर छापील कागद, कागदावर काचेसारखा पातळ पापुद्रा, मागं हे सगळं दाबून धरणारी कडी आणि टाचणी. कचेरीतल्या एका बाबूनं ते मागवायचं काम श्यामलालवर टाकलं. कलकत्त्याहून पेटी निघाली खरी, पण वाटेत कुठं अडकली कुणास ठाऊक. ती आली तेव्हा समारंभ उरकला होता, मिठाई वाटून झाली होती, शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या. बाबूनं हात झटकले. "अब इनका क्या करूँ? तुम्हीच ठेवा," म्हणाला आणि थोड्याच दिवसांत त्याची बदली झाली.

पेटी फळीखाली सरकवली गेली. श्यामलालला तेव्हापासूनच तिची धास्ती. विकावे तर कोण घेणार? टाकून द्यावे तर राजाचं तोंड उकिरड्यावर पडलं म्हणून कुणी चुगली करायचं. त्यानं तिच्यावर रिबिनींची खोकी रचली आणि तिकडं बघायचं सोडून दिलं.

एकोणचाळीसच्या फाल्गुनात जबलपूरजवळ काँग्रेसचं अधिवेशन भरलं. नागपूरकडून, रायपूरकडून माणसं गोंदियाला उतरत आणि इथून छोट्या गाडीनं जबलपूरला जात. स्टेशनावर टोप्याच टोप्या. गावोगावची पोरं स्वयंसेवक होऊन निघाली. त्यांत सालेकशाचा बिसराम होता. घरची थोडी धानाची जमीन, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, तेंदूपान तोडायचं, असा तरणाबांड गडी. श्यामलाल दर आठवड्याला सालेकशाच्या बाजारात दुकान मांडायचा तेव्हा हाच त्याची गाठोडी स्टेशनावरून उचलून आणायचा.

"भाऊ," बिसराम दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "साऱ्यायच्या छातीवर झेंड्याचे बिल्ले आहेत. आमच्याच गावच्या पोरायपाशी काई नाई. तुमच्यापाशी असन तं द्या ना जी."

"माझ्यापाशी कायले असन?" श्यामलाल घाईघाईनं म्हणाला.

सुलोचनाबाई एका बाईच्या हातात बांगडी चढवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आहेत ना. खाली पेटीत पडून राहिले."

बिसराम गेल्यावर श्यामलाल तिच्यावर चिडला. पण तिनं तोवर एक बिल्ला काढून अडकित्त्याच्या टोकानं त्याच्या पाठीची कडी उचकटलीही होती. पापुद्रा अलगद सुटला. राजाचा कागद मात्र सुटेना. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे खाऊन तो पत्र्याला चिकटून बसला होता.

"राहू द्या त्याले तिथंच," ती म्हणाली. "वरून झेंडा लावला का झालं."

विड्यांची लेबलं छापणाऱ्या एका छापखान्यातून झेंड्याचे कागद आले. सुलोचनाबाईनं दुकानाच्या मागच्या खोलीत बसून एकेक बिल्ला उघडला, राजावर झेंडा ठेवला, पापुद्रा ताणला, कडी दाबून बसवली. श्यामलाल दारात उभा राहून रस्त्याकडं बघत होता. मधूनच आत येऊन तिच्या हाताकडं बघायचा. "कडेनं मुकुट दिसून राहिला, बघ." ती म्हणायची, "तुमालेच दिसते."

सालेकशाची पोरं बिल्ले लावून जबलपूरला गेली आणि वाजतगाजत परत आली. कुणी काही ओळखलं नाही. पण श्यामलालची झोप उडाली ती उडालीच. बाजारात कुणाच्या छातीवर तो बिल्ला दिसला की त्याचे डोळे कडेकडं जायचे. पत्रा गंजला तर? कुणी पोरानं खेळता खेळता उघडला तर? एकदा बिसरामला बाजूला घेऊन त्यानं आत राजा आहे हे सांगून टाकलं आणि हात जोडले, "बिल्ले परत दे बाप्पा." बिसराम हसहस हसला. म्हणाला, "राजा आमच्या झेंड्याखाली दबला, आनखी का पाहिजे भाऊ?" बिल्ला काही त्यानं दिला नाही.

बेचाळीसचा ऑगस्ट आला. धानाची रोवणी चालली होती, आणि इकडं नेते पकडले गेल्याची बातमी गावोगाव पोचली. सालेकशात पावसातच मिरवणूक निघाली. पुढं झेंडा धरून बिसराम. स्टेशनाजवळ पोलिसांनी अडवलं, लाठ्या चालल्या. पुढचं श्यामलालला सुकराम हमालाकडून कळलं. सुकराम त्या दिवशी सालेकशाच्या फलाटावरच होता.

"बिसरामले धरलं. बिल्ला ओढून चिखलात फेकला अन् एका शिपायानं त्यावर बूट दाबला," सुकराम सांगत होता. "पापुद्रा फुटून झेंड्याचा कागद भिजून निघाला जी. खाली कोन, तं राजा! फौजदार असा भडकला, का त्याले समजेच ना कोनाले मारू, बिसरामले का शिपायाले."

ऐकणारे हसले. श्यामलालनं मात्र पायानं फळीखालची पेटी आणखी आत सरकवली.

तसा राजाचा बिल्ला या मुलखात दुसऱ्या कुठल्या दुकानात आला नव्हता. कचेरीत कुणाला तरी आठवणारच. आज आठवेल, उद्या आठवेल. उरलेले बिल्ले पिशवीत भरून तो पांगोलीवर गेला. नदी दुथडी भरून वाहत होती, फेकले असते तर कुणाच्या बापाला दिसले नसते. पण घाटावर एक शिपाई धोतर पिळत उभा होता. त्यानं ओळखीनं विचारलं, "काय शेठ, इकडं कुठं?" श्यामलाल तिथूनच वळला. पिशवी तशीच पोटाशी धरून तो परत आला.

मग वाट बघणं सुरू झालं. गिऱ्हाईक पायरी चढलं की तो आधी कमरेला पट्टा आहे का बघे. जेवताना घास फिरे. सुलोचनाबाईनं बिल्ले चुलीत घातले. पापुद्र्यांनी भसकन पेट घेतला आणि घरभर कापराचा वास सुटला, तेव्हा शेजाऱ्यांना तो वास काय वाटला असेल म्हणून तो आणखीच घाबरला. पत्रे तिनं परसात पुरले. तरी कुणी आलं नाही. ते न येणंच त्याला सोसवेना.

आली ती धुरपता, बिसरामची बायको. सकाळच्या गाडीनं आली होती, पातळ गुडघ्यापर्यंत ओलं. सुलोचनाबाईनं तिला आत नेऊन बसवलं, चहा दिला. तिनं कपाला हात लावला नाही.

"त्यायनं सांगून पाठवलं," ती श्यामलालकडं न बघता म्हणाली. "भाऊले म्हना, भिऊ नका. मी नाव घेतलं नाई."

"तू भेटलीस त्याले?" श्यामलालनं विचारलं.

"भेटू दिलं, इथच्याच ठाण्यात आहेत. रोज विचारून राहिले, बिल्ला कोनं बनवला, कोनं बनवला. हाताचं एक बोट मोडलं त्यायचं." आपलं करंगळीशेजारचं बोट तिनं धरून दाखवलं. "थे म्हनते, भाऊ भेकड मानूस आहे, त्याले सोसनार नाई. म्हनून सांगाले आली."

एवढं सांगून ती उठली. तिला परतीची गाडी गाठायची होती. घरी रोवणी अर्धी पडली होती.

सुलोचनाबाई पदर खोचून चपला शोधायला लागली.

"कुठं चाललीस?" श्यामलालनं विचारलं.

"ठाण्यात. बिल्ले उघडले माह्या हातानं. सुचलंबी मलेच."

"तू जाशीन तं तुले आत टाकतीन!"

"मंग तुम्ही जाल तं पूजा करतीन का?"

श्यामलाल उठला. खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली आणि तिच्याआधी पायरी उतरला. ती मागून धावली, पण तो इतका भराभर चालत होता की ती थबकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस असा चालताना तिनं कधी पाहिला नव्हता. आपण मागं गेलो तर दोघंही आत जाऊ आणि दुकान उघडं राहील, एवढं तिच्या ध्यानात आलं. भर रस्त्यात उभी राहून ती रडली.

ठाण्यात फौजदार पान खात बसला होता. श्यामलालनं हात जोडले. "साहेब, ते बिल्ले माझे आहेत. मीच बनवले. बिसरामला काही ठाऊक नाही."

फौजदारानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. असला घामेजलेला, थरथरता माणूस असलं काही करेल यावर त्याचा विश्वास बसेना. त्यानं खणातून एक बिल्ला काढला. मिरवणुकीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी तो होता, अजून धड. तो त्यानं टेबलावर टाकला.

"तूने बनाया? तो खोलके दिखा."

श्यामलालनं बिल्ला हातात घेतला. त्यानं जन्मात एकही बिल्ला उघडला नव्हता. उघडता आला नाही तर पुढचा प्रश्न काय येणार हे त्याला लख्ख दिसत होतं: मग कुणी उघडले? घरात दुसरं कोण आहे?

त्यानं डोळे मिटले आणि सुलोचनाबाईचे हात आठवले. ती आधी बिल्ला पालथा घालायची. टाचणी बाजूला वळवायची. मग अडकित्ता... "साहेब, अडकित्ता मिळंल?" फौजदारानं पानाच्या तबकातला अडकित्ता पुढं सरकवला. टोक कडीखाली जाईना. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा त्याच्या अंगठ्यात रुतलं, रक्त आलं. रक्तानं पत्रा निसरडा झाला. फौजदार पुढं वाकून बघत होता. श्यामलालनं सदऱ्याला बिल्ला पुसला, दात ओठावर रोवले आणि सगळा जोर लावला. कडी टणकन उडून भिंतीला लागली. झेंड्याचा कागद बाजूला झाला, खालून राजा दिसला.

"राजा का मुँह ढाँक दिया," फौजदार म्हणाला. "मालूम है, क्या गुनाह है?"

"फाडलं नाही साहेब," श्यामलाल म्हणाला. "हात नाही लावला त्याला. आतच आहे तो." खरं तेच त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. बाजूचा शिपाई खुदकन हसला आणि फौजदारानं श्यामलालच्या कानफटात मारली.

त्याला कोठडीत ढकललं तेव्हा आत बिसराम भिंतीला टेकून बसला होता. हात फडक्यात गुंडाळलेला, तोंड सुजलेलं. श्यामलालला वाटलं, हा आता गळ्यात पडेल.

"काऊन आले जी?" बिसराम ओरडला. "कायले आले तुम्ही? मी तं बोललोच नवतो! हे बोट माह्यं फुकट गेलं ना!"

श्यामलाल दुसऱ्या भिंतीशी बसला. अंगठा ठणकत होता, कानात घंटा वाजत होती. आणि तसाच बसल्या बसल्या त्याला झोप लागली. तीन वर्षांत लागली नव्हती अशी, गाढ.

दोघांना शिक्षा झाली, दोघंही नागपूरच्या तुरुंगात गेले. बिसराम कितीतरी दिवस त्याच्याशी बोलला नाही. बोटाचं हाड वाकडंच जुळलं, कामाला अडे, तेव्हा त्याचा राग पुन्हा उसळे. मग तुरुंगात श्यामलालला हिवताप झाला. बिसरामनं उशाशी बसून त्याला पाणी पाजलं, आणि त्यानंतर न बोलणं आपसूकच सुटलं. इकडं सुलोचनाबाईनं दुकान चालवलं, सालेकशाचा बाजारसुद्धा सोडला नाही. धुरपताच्या घरी मीठ-तेल पोचवून मगच ती परतीची गाडी पकडायची.

सुटून आल्यावर श्यामलाल बदलला असं म्हणवत नाही. कुलूप तो अजूनही परत येऊन ओढून बघे. भर पडली ती नव्याच एका भीतीची. लोक त्याला देशभक्त म्हणू लागले होते. कुणी पाया पडलं की तो सुलोचनाबाईकडं चोरासारखं बघायचा. फौजदाराला सांगितलं ते आता सगळ्यांनाच खरं वाटत होतं. खोटं बोललो ते तिला वाचवायला, पण मान मात्र आपण खातोय, हे त्याला टोचत राहिलं. तिला विचारलं तर ती म्हणे, "मले कायले पाहिजे हार? तुम्हीच घाला."

सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला दुपारी बाजारात सभा झाली. तुरुंगात गेलेल्यांना हार घातले. श्यामलालला दोन शब्द बोलायला उभं केलं तेव्हा त्यानं समोरच्या दुकानात बसलेल्या सुलोचनाबाईकडं हात केला.

"बिल्ले मी नाही बनवले," तो म्हणाला. "हिनं बनवले. माझ्या बायकोनं."

लोक हसले. शेठ थट्टा करतात, किती नम्र माणूस, असं म्हणून टाळ्या पडल्या. श्यामलाल हार सावरत उभाच राहिला.

सभा संपल्यावर बिसराम धुरपताला घेऊन दुकानात आला. सुलोचनाबाई फळीशी बसली होती.

"भाऊ म्हनते थे खरं का जी, वयनी?"

"मंग का," ती म्हणाली. "यायले सुईत दोरा ओवता येत नाई. बिल्ले कुठून उघडतीन?"

बिसरामनं आपलं वाकडं बोट चाचपलं. मग श्यामलालकडं वळून म्हणाला, "म्हंजे एक बोट दोघायच्या नावानं गेलं."

धुरपतानं त्याला कोपरानं ढोसलं. सुलोचनाबाई मात्र उठली, तिनं त्याचा वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही. श्यामलालनं चहा सांगायला म्हणून दुकानाबाहेर पाऊल टाकलं. बाहेर गर्दी अजून पांगली नव्हती, आणि त्याला बघताच कुणीतरी पाया पडायला वाकलं.