लाइन नंबर तीनवरचे काका

काका बोलायला उठायचे तेव्हा आधी खुर्ची मागे सारायचे, शर्टाचं खालचं टोक दोन्ही हातांनी ओढून सरळ करायचे आणि उजव्या हाताचं एक बोट कानाच्या उंचीपर्यंत वर न्यायचे. त्याहून वर नाही. मग म्हणायचे, "माझा एक मुद्दा आहे."

एवढं झालं की सभेतली निम्मी माणसं मोबाइल काढायची. तुमच्याही सोसायटीत असा एक गृहस्थ असेल. तो उभा राहिला की नेमकी कुणाला तरी चहाची आठवण होते. आमच्याकडे ते काका होते. घाटकोपर पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर होतं. विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. त्यामुळे जिन्याची सातवी पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे हे इमारतीत फक्त त्यांनाच माहीत होतं, आणि त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं होतं.

इमारत पुनर्विकासाला गेली. पहिल्या बिल्डरने ती पाडली आणि मग तो फोन उचलेनासा झाला. आम्ही पांगलो. आम्ही मुलुंडला भाड्याने राहायला गेलो, काका-काकू घाटकोपरलाच, पश्चिमेला भटवाडीत एका खोलीत राहिले. महिन्यातून एका रविवारी प्लॉटजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये सभा व्हायची. बाबांना जिने चढवत नसत म्हणून आमच्या घरातून मी जायचे. नऊ वर्षं जात राहिले.

याच काळात मला मरोळच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लिहायचं काम मिळालं. आमच्या गेममध्ये मुंबईसारखं एक शहर होतं. खेळणारा टेम्पो घेऊन त्या शहरात सामान पोचवत हिंडतो आणि टेम्पोतला रेडिओ चालू असतो. त्या रेडिओवरचा एक चर्चेचा कार्यक्रम माझ्याकडे आला. नाव ठेवलं 'बोला, पण थोडक्यात'. विषय असे: 'खड्डे बुजवणे ही शहराच्या इतिहासाशी छेडछाड आहे काय?' किंवा 'समुद्र विकासाच्या आड येतो का?' दोन पाहुणे एकमेकांवर ओरडतात, सूत्रसंचालक दोघांवर ओरडतो, मध्येच स्विमिंग पूलवाल्या टॉवरची जाहिरात लागते आणि चर्चा संपते. लिहिताना मजा यायची. सगळं ऐकलेलंच होतं, फक्त जरा चढवायचं.

एका भागात मी एक श्रोता घातला. लाइन नंबर तीनवर बराच वेळ थांबलेले एक काका. त्यांचा नंबर लागतो, ते म्हणतात, "माझा एक मुद्दा आहे," आणि सूत्रसंचालक म्हणतो, "धन्यवाद, आपली वेळ संपली आहे!" लगेच जाहिरात. आमचा दिग्दर्शक वाचून खुर्चीतून पडायचा बाकी होता. "यार, हा माणूस प्रत्येक भागात पाहिजे," तो म्हणाला. "पण आवाज ॲक्टरचा नको. खरा माणूस आण."

खरा माणूस माझ्याकडे होताच.

मी भटवाडीत गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विषय कधी कळेल? दोन दिवस आधी सांग. तयारी करावी लागेल."

"काका, तयारी कसली? गंमत आहे ती."

"गंमत असली तरी बोलायचं आहे ना?"

ते मेट्रोने मरोळला आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन. फुटपाथ या विषयावर त्यांनी फुलस्केपची तीन पानं लिहून आणली होती. दिग्दर्शकाने त्यांना माइकसमोर बसवलं आणि सांगितलं, "काका, तुम्हाला फक्त एवढंच बोलायचंय. माझा एक मुद्दा आहे. बस."

"आणि मुद्दा?"

"मुद्दा नाहीये, काका."

काका माझ्याकडे बघायला लागले. "अगं, मुद्दा नाही तर फोन कशाला केला त्याने? एवढा वेळ लाइनवर थांबला कशाला?"

काचेच्या पलीकडे आम्ही सगळे हसलो. मग दिग्दर्शक म्हणाला, बरं, तुमचा काय असेल तो मुद्दा बोला, आम्ही पाहिजे तेवढं घेऊ. काका सहा मिनिटं बोलले. फुटपाथची उंची किती असावी, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा किती वाकतो, काकू बाजारातून येताना पिशवी आधी फुटपाथवर ठेवतात आणि मग स्वतः चढतात. एकही शब्द फालतू नव्हता. ते संपल्यावर आम्ही पहिलं वाक्य ठेवलं आणि सहा मिनिटं काढून टाकली. ते वाक्य मग आणखी तीस-चाळीस वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने बोलून घेतलं. दर वेळी बोलायच्या आधी ते क्षणभर थांबत. मी विचारलं तर म्हणाले, "मनात काहीतरी खरं धरल्याशिवाय वाक्य निघत नाही गं."

गेम बाहेर आला तेव्हा ते ऐकायला मुलुंडला आमच्या घरी आले, काकूंना घेऊन. मी लॅपटॉपवर टेम्पो चालवला. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकाही हसले. तीन भाग झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा माणूस शेवटी कधी बोलतो का?"

"नाही काका."

"मग खेळणाऱ्यांना कळणार कसं, त्याचं म्हणणं काय होतं?"

"तोच तर विनोद आहे ना."

त्यांनी मान हलवली. "चांगलं लिहिलंयस," म्हणाले, आणि चहाचा कप स्वतः आत नेऊन ठेवला.

ते वाक्य एवढं चालेल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. मुलं शाळेत हजेरी देताना ते म्हणायला लागली. लोकांनी त्याची रिंगटोन केली. सोसायटीच्या ग्रुपवर काकांच्या फोटोचा स्टिकर निघाला, बोट वर केलेला. त्याखाली 'आपली वेळ संपली आहे'. भटवाडीत भाजीवालाही त्यांना "बोला मुद्देवाले" म्हणायचा. काकूंना ते आवडायचं नाही. काका म्हणायचे, "असू दे. ओळखतात तरी."

मग नवा बिल्डर आला. मोठ्या फाइली, गुळगुळीत कागदावरचे रंगीत नकाशे. एका बाजूला विकायचा टॉवर, दुसऱ्या बाजूला आमची इमारत. मतदान रविवारी होणार होतं. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी मी घरून काम करत होते तेव्हा बेल वाजली. काका एकटेच आले होते, घामाघूम. हातात गुंडाळलेला ट्रेसिंग पेपर.

त्यांनी तो आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. महापालिकेच्या ऑफिसात चार खेपा घालून त्यांनी रस्ता रुंदीकरणाचा नकाशा बघितला होता आणि आमच्या प्लॉटपुरता स्वतः उतरवून काढला होता. "हे बघ. टॉवर इथे. त्याला काही होत नाही. आणि आपली इमारत जिथे दाखवली आहे, तिथली निम्मी जागा रस्त्यात जाते. तिथे परवानगी मिळणारच नाही. टॉवर उभा राहील, आपली इमारत राहणार नाही. बिल्डरला म्हणावं, आधी आपली बांध, किंवा जागा बदलून दे. एवढंच. मगच सही."

"मग रविवारी सांगा ना, काका."

त्यांनी ट्रेसिंग पेपर परत गुंडाळायला घेतला. "मी उभा राहिलो की लोकांना हसू येतं. त्यांची चूक नाही, ऐकून ऐकून सवय झाली. तू लिहितेस ना, मला हे चार ओळीत लिहून दे. हसू येणार नाही असं. झेरॉक्स काढून दारातच वाटतो."

"देते काका. उद्या देते."

दुसऱ्या दिवशी मला गेमच्या नव्या अपडेटसाठी 'बोला, पण थोडक्यात'चे दोन नवे भाग द्यायचे होते. लाइन नंबर तीनचेच. ते मी दिले. काकांच्या चार ओळी राहिल्या. शनिवारीही राहिल्या. खरं सांगायचं तर मला मनातून वाटत होतं, सातव्या पायरीसारखंच असेल काहीतरी. आणि घरात बाबा सारखे म्हणत होते, "हात वर कर आणि ये. मला डोळे मिटायच्या आधी घर बघायचंय."

रविवारी हॉल भरला होता. बिल्डरची माणसं पुढे बसली होती. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. काकांनी खुर्ची मागे सारली. शर्ट ओढला. ट्रेसिंग पेपर डाव्या हातात होता, तो उलगडायला दुसरा हात लागणार होता, पण तो हात वर गेला होता.

"माझा एक मुद्दा आहे."

मागच्या रांगेतून कुणाच्या तरी मोबाइलवर आवाज आला, "धन्यवाद, आपली वेळ संपली आहे!" आणि पाठोपाठ स्विमिंग पूलची जाहिरात.

सगळा हॉल हसला. बिल्डरची माणसं हसली, अध्यक्ष टेबलावर हात मारून हसले. मीही हसले. मुद्दाम नाही. वाक्य माझं होतं आणि अगदी बरोबर वेळेला पडलं होतं. हसू थांबलं तेव्हा काका माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मी उठेन, असं त्यांना वाटलं असावं. मला सगळं माहीत होतं. टेबल, ट्रेसिंग, निम्मी जागा. उठायला दोन सेकंद पुरले असते.

"काका, प्लीज, आज नको," अध्यक्ष म्हणाले. "नऊ वर्षं झाली. आज एकमताने होऊ दे."

काकांनी कागद परत गुंडाळला, त्याला रबर लावला आणि ते बसले. हात वर करायला सांगितलं तेव्हा मी बाबांचा म्हणून माझा हात वर केला. काकांचा हात खालीच होता. ठरावात मात्र 'एकमताने' असं लिहिलं गेलं आणि त्यावर त्यांनी काही म्हटलं नाही.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. टॉवर उभा राहिला, त्यात दिवे लागले, गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळायला लागले. आमच्या इमारतीची परवानगी अडली. कारण रस्ता. पत्र्यांच्या कुंपणाआड आमच्या जागेवर एरंड माजला. बाबा मुलुंडच्या त्या भाड्याच्या घरातच गेले. अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं, 'ही गोष्ट कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.' त्याखाली सतरा अंगठे आले. मी एकेक नाव बघितलं. त्यात एक अंगठा काकांचा होता.

भाडं झेपेना तेव्हा काका-काकू बदलापूरला मुलीकडे राहायला गेले. कंपनीने गेमचा दुसरा भाग काढायचं ठरवलं तेव्हा मी हट्ट धरला की या वेळी लाइन नंबर तीन बोलणार. कुणी तोडणार नाही. पूर्ण एक मिनिट, काकांना हवं ते. दिग्दर्शक नको नको म्हणत शेवटी कबूल झाला. हे सांगायला मी बदलापूरला गेले. कुठेतरी मला वाटत होतं की असं केलं तर मला बरं वाटेल.

काका बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसले होते. जावई समोर टीव्ही बघत होते. काकूंनी सांगितलं की आता ते फारसं बोलत नाहीत, काही विचारलं की "बरोबर आहे" म्हणतात. भाजीत मीठ जास्त झालं, बरोबर आहे. पाणी आलं नाही, बरोबर आहे.

मी म्हणाले, "काका, तुमचं खरं निघालं. मी त्या चार ओळी..."

"राहू दे गं. तुला काम होतं." त्यांनी दिवाणावरची चादर हाताने सारखी केली. "सगळ्यांचंच झालं. माझं एकट्याचं कुठे?"

मग मी रेकॉर्डिंगचं सांगितलं. एक मिनिट. कुणी मध्ये बोलणार नाही. जे मनात असेल ते.

जावयांनी टीव्हीचा आवाज कमी केला, तेही थांबले. शेवटी काका म्हणाले, "तुझं काम अडत असेल तर येतो. तूच लिही काहीतरी. मी वाचेन."

रेकॉर्डिंगची तारीख ठरायच्या आतच ते गेले. सकाळी अंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं, तेवढ्यात. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. मग कुणीतरी प्लॉटच्या एरंडाचा फोटो टाकला आणि बोलणं तिकडे वळलं. गेमच्या दुसऱ्या भागात लाइन नंबर तीन ठेवायची की नाही यावर एक मीटिंग झाली. दिग्दर्शक म्हणाला, आवाज मिळेल कुणाचा तरी. मिळालाही.

मी बदलापूरला गेले होते त्या दिवशी काका मला स्टेशनपर्यंत सोडायला आले होते. नको म्हटलं तरी चपला घालून निघाले. शेअर रिक्षात मागे दोन बायका होत्या, तिसरी मी बसले. काका पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, त्याच्याच सीटच्या टोकावर. वाटेत एका माणसाने हात केला. ड्रायव्हरने वेग कमी करत त्याला म्हटलं, "जागा कुठाय?"

"आहे, आहे," काका म्हणाले. "बसू दे त्यांना."

तो माणूस उजवीकडून चढला, ड्रायव्हर डावीकडे सरकला आणि काका बाहेर सरकले. वरच्या दांड्याला धरून ते जवळजवळ अधांतरी बसले होते. रिक्षा निघाली. मला मागून त्यांची अर्धीच पाठ दिसत होती, आणि रस्त्याला लागेल की काय असं वाटणारी एक चप्पल.